अळणी ताटातला गुळाचा खडा

माझ्या नणंदेनं एकदा भर पंगतीत माझ्या तोंडावर सांगितलं होतं, "वैनी, असं अळणी खाऊन माणूस जगत न्हाई." त्याला आठ वर्षं होऊन गेली. मी जगले आहे, बरी आहे, आन् ही वही माझ्या हातानं लिहून राह्यले. सातवी शिकलेली बाई आहे मी. शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं दुसरं काही वाचावं.

लिहायचं कारण एवढंच, की जालन्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कौसाबाई, तुम्ही वॉर्डात बसून बायांना जे सांगता ते लिहून द्या. तुम्ही नसाल तेव्हा आम्ही वाचून दाखवू." मी म्हणाले, लिहीन, पण मला गोड गोड लिहिता येत न्हाई. जे झालं ते लिहीन, सासूशी झालेलं भांडण पण लिहीन. त्या म्हणाल्या, "भांडण तर आधी लिहा."

हृदयाचा पंप कमजोर पडला की अंगात पाणी साठतं, आन् मीठ त्या पाण्याला धरून ठेवतं. डॉक्टरकीतलं मला एवढंच कळतं. बाकीचं तुमच्या डॉक्टरला विचारा. मी सांगणार ते ताटातलं आन् घरातलं.

जोडवी

आमचं गाव जाफराबादपासून दोन कोसावर. कोरडवाहू रान, कापूस आन् ज्वारी. मालक भोकरदनच्या रस्त्याला काळी-पिवळी जीप चालवायचे. घरात आम्ही दोघं, आमची लेक सुमन, आन् माझी सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायचे.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या आदल्या साली कापूस वेचताना मला दम लागायला लागला. एक ओळ संपली की बुड टेकायचे. सोबतच्या बाया म्हणायच्या, "कौसे, बसायला चांगला बहाणा सापडला तुला." मंग मी चिडून उठायचे आन् त्यांच्या पुढं जाऊन दाखवायचे. खोडच आहे ती माझी, कुणी डिवचलं की मला थांबता येत न्हाई. त्या चिडण्यात महिना गेला. आडवं झालं की छाती भरून यायची, म्हणून गोधड्यांची चळत पाठीला लावून बसल्या बसल्या झोपायचे, पण घरात कुणाला सांगितलं न्हाई. ही माझी चूक. तुम्ही करू नका.

एका सकाळी खाटेवरून पाय खाली सोडले तर जोडवी दिसेनात. बोटं इतकी सुजली होती की चांदी मांसात गेल्ती. मालकांनी जीप काढली आन् आधी जाफराबादला सोनाराकडं नेलं. त्यानं कातरीनं जोडवी कापली. आत्याबाई सोबत आल्त्या, पण जीपमधून उतरल्या न्हाईत. सवाष्ण सुनेची जोडवी कापताना त्यांना बघवत नव्हतं. कापलेले तुकडे मात्र त्यांनी मागून घेतले आन् पदराच्या गाठीत बांधले.

मंग डॉक्टरकडं गेलो. त्यानं माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला आन् तो भरूनच येईना. त्यानं चिठ्ठी लिहिली आन् मालकांना म्हणाला, "जालन्याला न्या. घरी जाऊ नका, इथूनच न्या."

मीठ

जालन्याला डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो काढला, हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मंग आम्हा तिघांना समोर बसवलं. हृदय मोठं झालंय, त्याचा जोर कमी झालाय, फुप्फुसात पाणी आहे, असं सगळं सावकाश सांगितलं.

मालक म्हणाले, "मंग आपरेशन करून टाका, बाई. जीप विकतो मी."

"जीप राहू द्या," त्या म्हणाल्या. "गोळ्या कायमच्या घ्याव्या लागतील. आणि मीठ कमी करावं लागेल. तेही कायमचं."

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. एवढा मोठा रोग आन् बाई मिठाचं काय सांगायल्यात, असं दोघांच्या मनात आलं. मी सरळ विचारलं, "किती दिस हायेत माझे?"

"ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पण गोळी मी देऊ शकते, ताटावर मी येऊन बसू शकत नाही."

मला ती बाई तिथंच आवडली, कारण ती खोटं बोलली न्हाई. पण भ्याले मी. उगाच शूरपणा सांगत न्हाई. सुमन नववीत होती, तिला परकर-पोलकं सुटून साडी नेसायची वेळ यायची होती, आन् मी मरायला निघालेली. खाटेवर गेल्यावर पदर तोंडावर घेऊन पोटभर रडले. मंग पदर काढला आन् ठरवलं की रडायचं ते झालं.

आत्याबाई या सगळ्यात एक शब्द बोलल्या न्हाईत. मीठ कमी करायचं हे ऐकल्यावर त्यांनी पदराची गाठ घट्ट धरली होती, एवढं मला आठवतं. त्याचा अर्थ मला तेव्हा लागला न्हाई.

वॉर्ड

दवाखान्यात सकाळ झाली की वजनाच्या काट्यावर उभं राहायचं. मंग लघवीची गोळी. मंग दिवसभर खाटेवरून मोरीकडं आन् मोरीकडून खाटेवर. लघवी बाटलीत मोजायची. पहिल्या दिवशी लाज वाटली, तिसऱ्या दिवशी मी आन् शेजारची चंद्रभागाबाई पैज लावायला लागलो की आज कुणाची बाटली जास्त भरते.

चंद्रभागाबाई वाटूरची. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, रोग तोच. गोळ्या घ्यायची, पण दवाखान्याचं वरण तोंडात घेतलं की थुंकायची. "औषध घेईन, सुई घेईन," म्हणायची, "पण हे? ह्याच्यापरीस मेलेलं बरं." तिचा लेक लपून तिच्यासाठी शेव आणायचा आन् ती उशीखाली ठेवायची.

मला पण घास फिरायचा, खोटं कशाला बोलू. वॉर्डात झाडायला यायची ती मावशी एकदा माझं ताट बघून थांबली. कनवटीचं अर्धं लिंबू काढलं आन् वरणावर पिळलं. "आंबट लाव, बाई," म्हणाली, "जिभेला जरा फसवावं लागतं." त्या अर्ध्या लिंबावर मी ते ताट संपवलं. त्या मावशीचं नाव पण मी विचारलं न्हाई, त्याची मला अजून चुटपुट लागते.

दहा दिवसांत पायाची हाडं दिसायला लागली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी चहाचा छोटा चमचा घेतला, त्यावर मीठ घेऊन बोटानं सपाट केलं, आन् त्यातलं पण थोडं काढून टाकलं. "दिवसभराचं एवढं. भाजी, भाकरी, ताक, सगळं धरून." हे माझं माप. तुमचं वेगळं असेल, विचारून घ्या.

मी एक रिकामी कुंकवाची डबी धुऊन घेतली. सकाळी तेवढं मीठ डबीत भरायचं. स्वैपाकात माझ्यापुरतं मीठ बिलकुल घालायचं न्हाई, ताटात आल्यावर डबीतून वरून घ्यायचं. डबी संपली की दिवसाचं मीठ संपलं. वरून घेतलेलं मीठ जिभेला आधी लागतं, म्हणून थोडक्यात भागतं. हे मला कुणी शिकवलं न्हाई, करता करता कळलं.

मालकांनी नवी जोडवी आणली, जरा सैल. सूज आली की अंगावर खुणा दिसतील, त्या बघत जा, असं बाई म्हणाल्या होत्या. काटा घरात नव्हता. मी रोज उठल्यावर जोडवं बोटात फिरवून बघायचे. फिरलं की बरं आहे.

आत्याबाईच्या हाताची चव

चुलीपुढं धुरात बसायचं न्हाई म्हणून माझी भाकर आत्याबाई करायला लागल्या. पहिले आठ दिवस ती भाकर मातीसारखी लागली. मंग हळूहळू गोड लागायला लागली. मी मनात म्हणाले, चला, जीभ वळणावर आली. बोलून पण दाखवलं, "आत्या, तुमच्या हाताला काय चव हाय. मला वाटतंच न्हाई अळणी खातेय म्हणून."

त्या म्हणाल्या, "खा बाई, खा," आन् अजून अर्धी वाढली.

दोन महिने मी डबीचं माप मोडलं न्हाई. लोणच्याची बरणी दिसू नये म्हणून माळ्यावर टाकली. खारोड्या, पापड, सांडगे सगळं जावेच्या घरी देऊन टाकलं. एकादशीला शेंदेलोण चालतं, ते उपासाचं असतं, असं शेजारीण म्हणाली, तर मी जीपवाल्याबरोबर जालन्याला निरोप पाठवून विचारलं. उपासाचं मीठ बी मीठच, असं उत्तर आलं. तेही सोडलं. इतकी मी काटेकोर.

आन् एका सकाळी जोडवं फिरेना.

मी कुणाला बोलले न्हाई. दुसऱ्या दिवशी पण फिरेना. चौथ्या दिवशी दारापासून न्हाणीपर्यंत जाईस्तोवर श्वास तुटला, आन् मालकांनी मला उचलून जीपमध्ये घातलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय बघितले आन् पहिलंच वाक्य बोलल्या, "काय खाल्लंत?" मी देवाची शपथ घेतली. त्यांचा विश्वास बसला न्हाई. त्यांच्या जागी मी असते तर माझा पण बसला नसता. पण मला असा संताप आला की सांगता सोय न्हाई. इतकं सगळं सोडूनही खोटारडी मीच. मनात आलं, पाळूनही मरायचंच असेल तर शेव काय वाईट होती. चंद्रभागाबाईचं ते बोलणं मला त्या दोन दिवसांत पहिल्यांदा खरं वाटलं.

सुमनची भाकर

तिसऱ्या दिवशी सुमन डबा घेऊन आली. आत्याबाईंच्या अंगात ताप होता म्हणून भाकर तिनंच केली होती. मी घास घेतला, आन् तो तोंडात तसाच राहिला. माती. पहिल्या आठ दिवसांत लागली होती तशीच माती.

"सुमे, ही भाकर अशी का लागती?"

"अळणी हाय, आई."

"मंग आजीची काय असती?"

 पोरगी डब्याच्या कडीशी खेळत राहिली. मी तिचा हात धरला तसं तिला रडू आलं. "आजी आधणाच्या पाण्यात मीठ टाकती," ती म्हणाली. "आधी चिमूटभर टाकायची. मंग मूठ. मला म्हणली, आईला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी पोरीला जवळ घेतलं. तिला रागावायचं काही कारण नव्हतं. तिच्या आजीनं तिच्या जिवावर केवढं ओझं टाकलं होतं. माझा सगळा राग घराकडं धावला. माझी सासू मला मारून राह्यली, आन् ते पण अर्धी भाकर जास्त वाढून. डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी हात कपाळाला लावला आन् म्हणाल्या, "आता आत्याबाईंना काय म्हणणार आहात?"

"ते इथं सांगण्यासारखं न्हाई," मी म्हणाले.

भांडण

घरी आल्या आल्या मी उंबऱ्यातूनच सुरू केलं. आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या.

"आत्या, माझ्या भाकरीत मीठ टाकलं का न्हाई?"

त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"सरळ सांगा, मी नको झालेय का ह्या घरात? तुमच्या लेकाचं दुसरं लग्न करायचं का? मंग सांगा, मी उद्याच माहेरी जाते. पण असं पोटात घालून मारू नका."

मालक मधी पडायला आले, त्यांना मी हातानं थांबवलं. आत्याबाई उठल्या. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला.

"तीन येळा," त्या म्हणाल्या. "तीन येळा ह्या चुलीवर मी अळणी शिजवलं. तुझा सासरा गेला तवा. माझा थोरला लेक गेला तवा. आन् माझी सहा म्हैन्याची पोर गेली तवा. राख सावडंपर्यंत तीन दिस मीठ न्हाई. अळणी भाकर मेल्याच्या घरची असती, कौसे. तू जिती, कुंकू लावलेली, माझ्या म्होरं बसलेली. तुझ्या ताटात रोज सुतक कसं वाढू मी? माझ्याच हातानं?"

मंग खाली बसल्या आन् म्हणाल्या, "सोनारानं जोडवी कापली. वरून मी अळणी वाढते. वाढता वाढता खरंच झालं तर?"

मला बोलायचं बरंच होतं. येताना जीपमध्ये सगळं पाठ करून आल्ते. त्यातलं एक अक्षर आठवेना. दोन महिने ही बाई रोज माझ्या ताटातून मरण हाकलून राह्यली होती, आन् मीठ घालून तेच आणून राह्यली होती. तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. दवाखान्यात सगळे आम्हाला समजावत होते आन् ती पदराची गाठ धरून एकटी बसली होती.

पण माझा राग गेला न्हाई. तुम्हाला वाटेल मी लगेच गळ्यात पडले. न्हाई पडले. मी म्हणाले, "आत्या, तुमच्या मायेनं माझा जीव गेला असता. सुतक ताटात न्हाई, आधणात व्हतं. आता ऐकून ठेवा. मी अळणीच खाणार, रोज खाणार, आन् जगून दाखवणार."

दोन दिवस आम्ही बोललो न्हाई. भाकर मी केली, धुरात बसून. आत्याबाईंनी त्या दोन दिवसांत अन्नाला हात लावला न्हाई. मालक जीप घेऊन गेले की सांजेपर्यंत घराकडं फिरकत नव्हते. बायकांच्या भांडणात गड्यांना लांबचं भाडं बराबर मिळतं.

खडा

तिसऱ्या दिवशी मी खोकत खोकत भाकर थापत होते. आत्याबाई आल्या, माझ्या हातातला उंडा काढून घेतला आन् "सरक" म्हणाल्या. मी आधणाचं पाणी बोटानं चाखलं. त्यांनी बघितलं आन् चाखू दिलं. अळणी भाकर ताटात पडली, वर मेथीची भाजी, तीही अळणी. मंग त्या उठल्या, फडताळातून डबा काढला, गुळाचा खडा फोडला आन् माझ्या ताटात उजव्या अंगाला ठेवला.

"हे काय?"

"सुतकात गोड नसतं," त्या म्हणाल्या. "गूळ असला की ते सुतकाचं ताट न्हाई. जित्या माणसाचं हाय."

दोन दिवस उपाशी बसून बाईनं हे शोधून काढलं होतं. आमच्या डॉक्टरीणबाईंना पण सुचलं नसतं.

"पर माझी एक अट हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या आधी जायचं न्हाई तू. मला चौथ्यांदा शिजवायला लावायचं न्हाई."

"कबूल," मी म्हणाले. तेव्हा कुठं मला रडू आलं. त्यांनी पदराची गाठ सोडली, जोडव्यांचे तुकडे सुमनच्या हातात दिले आन् सोनाराकडं मोडीत टाकायला सांगितलं.

पंगत

त्याच उन्हाळ्यात नणंदेच्या नातवाचं जावळ होतं. वरण-बट्टीचं जेवण, दीडशे माणूस. मी फडक्यात माझी भाकर बांधून नेली आन् कुंकवाची डबी कनवटीला. वाढपी वरणाचं भगुणं घेऊन आला तशी मी पत्रावळीवर हात आडवा धरला. तो थांबला, मागच्या बाया वाकून बघायला लागल्या. तेव्हा वन्सं ते वाक्य बोलल्या, जे मी सुरुवातीला लिहिलं. वर अजून म्हणाल्या, "चिमूटभरानं काय होतंय? माझ्या शुभकार्यात सुतकाचं काय मांडून बसलात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात पंक्तीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आत्याबाई उठल्या. भर पंगतीतून उठत न्हाईत, पण उठल्या. माझ्यापाशी आल्या, कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढला आन् माझ्या पत्रावळीवर ठेवला. "हे तिचं ताट हाय," त्या आपल्या लेकीला म्हणाल्या, "तुझं तू बघ." आन् परत जाऊन जेवायला बसल्या.

मी त्या दिवशी दीड भाकर खाल्ली. भूक नव्हती, पण खाल्ली.

वाटूर

पुढं तपासणीला जायचे तेव्हा डॉक्टरीणबाई मला वॉर्डात बसवायला लागल्या. चंद्रभागाबाई एकदा परत भरती झालेली सापडली. मी तिच्या उशीखाली हात घातला आन् शेवेची पुडी काढली. ती चिडली, मी पण चिडले. मंग मी तिला डबी दाखवली आन् विचारलं, घरी भाकर कोण करतं? सून करते म्हणाली. मी तिच्या सुनेला बोलावून घेतलं आन् आधण, पीठ, सोडा, सगळं विचारलं. पोरगी पिठल्यात सोडा टाकायची, तो बी मिठासारखाच पाणी धरून ठेवतो, आन् सासूला वाईट वाटू नये म्हणून ताकात मीठ टाकायची. वाईट कुणी नसतं हो घरात. सगळे मायेनंच टाकतात.

मी सांगते ते थोडकंच असतं. अंबाडीची भाजी करा, ती अंगचीच आंबट असते. लसूण भाजून ठेचा, मिरची भाजून ठेचा, वर लिंबू पिळा. जवस कुटा, कारळं कुटा, मीठ न घालता. शेव, फरसाण, खारे दाणे, बेकरीचा पाव घरात आणू नका, कारण आणलं की खाल्लं जातं. महिनाभर जीभ शिव्या देईल, मंग तिला ज्वारीची चव कळायला लागेल. बाजारात हृदयाच्या रोग्याला चालतं म्हणून दुसरं मीठ मिळतं म्हणतात, ते डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. आन् रोग्याला समजावून सोडू नका, भाकर थापणाऱ्या बाईला दवाखान्यात आणा. तिला काय भीती वाटते ते विचारा.

गुळाचं पण सांगते. एका बाईला साखरेचा आजार होता, ती म्हणाली मी काय ठेवू? मी म्हणाले चिंचेचं बोटूक ठेव, ते पण सुतकात कुणी वाढत न्हाई. चंद्रभागाबाई अजून आहे. भेटली की भांडते. परवा म्हणाली, तुझ्या भीतीनं शेव सुटली माझी.

तीन दिवस

गेल्या साली थंडीत आत्याबाई गेल्या. आजारी म्हणून दोनच दिवस होत्या. शेवटी मी त्यांच्या उशाशी होते. बोलता येत नव्हतं, हातानं माझा पाय चाचपत होत्या. मला कळेना काय पाहिजे. मंग कळलं. मी पाय पुढं केला आन् जोडवं फिरवून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले.

भावकीतून अळणी वरण-भाकर यायला लागली. फोडणी न्हाई, मीठ न्हाई, गोड न्हाई. सगळं घर ताटापुढं बसायचं आन् घास फिरवायचं. दुसऱ्या दिवशी वन्संनी भाकर खाली ठेवली. "घशाखाली उतरंना, वैनी," त्या म्हणाल्या.

"तुमचा दुसरा दिस हाय, वन्सं," मी म्हणाले. "माझं आठवं वरीस हाय. चावून खा, उतरती."

उणं बोलायचं म्हणून बोलले न्हाई. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् खरंच चावून खाल्लं. मीठ न्हाई हे त्या तीन दिवसांत सगळ्यांना जाणवलं. माझ्या ताटात गूळ न्हाई हे फक्त मला जाणवलं. आठ वर्षांत पहिल्यांदा माझ्या ताटात सुतक होतं, आन् ते त्यांचं होतं. एकेक घास मी बळंच गिळला.

राख सावडून आलो. दुपारी पंगत बसली. भावकीतल्या बाईनं वरणात मीठ घातलं, सगळ्यांना वाढत आली, माझ्यापाशी आली. मी हात आडवा धरला. मंग उठले, फडताळातून डबा काढला, खडा फोडला आन् माझ्या ताटात उजव्या अंगाला ठेवला.

"वैनी," वन्सं हळूच म्हणाल्या, "गोड तेराव्याला असतं. आईची राख अजून गरम हाय."

पंगतीतले सगळे हात थांबले. मालक पण माझ्याकडं बघायला लागले.

"वन्सं, हे गोड म्हणून न्हाई घेतलं," मी म्हणाले. "हे तुमच्या आईनं मला घालून दिलेलं हाय. माझ्या आधी जायचं न्हाई म्हणल्या व्हत्या. न्हाई गेले मी. त्यांना चौथ्यांदा शिजवायला लावलं न्हाई. आता म्होरं बी मला जगायचं हाय, आन् मी ह्याच ताटावर जगणार."

 मला रडू येत होतं, ते येऊ दिलं. भाकरीचा घास मोडला आन् तोंडात घातला. अळणी होता. बराबर होता.